आमची वाटचाल : जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकण्याआधी

“मशीन फार स्लो झालंय, एखादं रिपेअरचं सॉफ्टवेअर टाकून द्या.” दुकान सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईक हेच म्हणायचं, आजही हेच म्हणतं. बदललं ते आमचं उत्तर. सुरुवातीला आम्ही खरोखरच सॉफ्टवेअर टाकून द्यायचो. आता मशीन टेबलावर आलं की पहिला तासभर त्यातलं विंडोज आम्ही चालूच करत नाही. त्या तासात काय करतो आणि का, ते इथे लिहितो. आमच्या कामात बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

आमच्याकडे येणारी मशीन साधारण ठरलेली : जी३१ किंवा जी४१ मदरबोर्डावरचे कोअर २ ड्युओ प्रोसेसर, एच६१ बोर्डावरचे आय३, २ जीबी रॅम, ३२० किंवा ५०० जीबीची हार्ड डिस्क. मालक बहुतेक छापखानेवाले, डीटीपीवाले, वकील, छोटे दुकानदार. “नवीन घ्या” हा सल्ला त्यांना चालत नाही. मशीनमध्ये डोंगलवर (पोर्टला लावायची परवान्याची किल्ली) चालणारी जुनी श्रीलिपी, म्हणजे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, असते, पानं मांडायचा पेजमेकर असतो, पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि बिलबुकं त्याच फॉन्टमध्ये बसवलेली असतात. म्हणून सरळ फॉरमॅट मारणं हा इलाज नाही. आहे तेच सांभाळून दुरुस्त करावं लागतं.

एक्सपीच्या काळात सगळा कारभार सीडीवर चालायचा. हिरेन्स बूटसीडी ही मशीन स्वतःवरून उठवणारी, दुरुस्तीच्या टूल्सची सीडी. तिची १५.२ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. तिच्यातला मिनी एक्सपी (सीडीवरून चालणारं छोटं विंडोज) ५१२ एमबी रॅमवरही उठायचा, आणि ती सीडी आम्ही आजही जपून ठेवली आहे. कारण नंतरचं हिरेन्सचं पीई, म्हणजे पेन ड्राइव्हवरून उठणारं छोटं विंडोज, ६४ बिट आहे, २ जीबी रॅमवर ते कसंबसं चालतं आणि ३२ बिट प्रोसेसरवर उठतच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. या दोन तारखांनंतर काम अवघड होत गेलं. नवी टूल्स जुन्या विंडोजवर चढेनात आणि जुनी टूल्स मूळ साइटवरून गायब झाली. तेव्हापासून प्रत्येक टूलची जुन्या मशीनवर चालणारी शेवटची आवृत्ती जपणं हा आमच्या धंद्याचाच भाग झाला. उदाहरणार्थ बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं रुफस : एक्सपीवर २.१८ पर्यंतच चालतं, विंडोज ७ वर ३.२२ पर्यंत. त्यापुढची फाइल डबलक्लिक केली की नुसती चूक दाखवून बंद होते आणि नवखा माणूस पेन ड्राइव्हला दोष देतो.

पहिलं काम कॅबिनेट उघडून सीमॉसचा, म्हणजे बोर्डावरचं घड्याळ आणि सेटिंग टिकवणारा, सेल बघणं. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मीटरवर २.७ च्या खाली दिसला की आम्ही बदलतोच. सेल गेला की तारीख मागे जाते. तारीख मागे गेली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं ‘अजून लागू नाहीत’ असं ब्राउझर म्हणतो, इंटरनेटवरून उरलेला भाग ओढणारे छोटे इन्स्टॉलर मध्येच थांबतात, अँटिव्हायरस परवान्याबद्दल तक्रार करतो. गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला. एच६१ आणि पुढच्या बोर्डांवर याहून वाईट होतं. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम, मूळ स्थितीत जातं आणि डिस्क जोडणाऱ्या साटाचा मोड आयडीईचा (जुनी पद्धत) एएचसीआय (नवी पद्धत) किंवा उलटा होतो. मग विंडोज उठताना निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला. ती विंडोजची चूक नसते. बायोसमध्ये जाऊन मोड होता तसा केला की मशीन जसंच्या तसं चालू होतं. या एका गोष्टीसाठी किती चांगली मशीन फॉरमॅट झाली असतील याचं अजूनही वाईट वाटतं.

दुसरं, रॅम. पट्ट्या काढून सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने पुसायची, स्लॉटमध्ये हलका ब्लोअर मारायचा, एकच पट्टी लावून मेमटेस्ट८६+ चालवायचं, मग दुसरी. एक पूर्ण फेरी तरी व्हायला हवी. संशय असेल तर रात्रभर. लाल ओळ एक आली तरी पट्टी बाद. इन्स्टॉल करताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो तेव्हा सगळे पुन्हा डाउनलोड करतात. पुष्कळदा दोष रॅमचा असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टवर विंडोजच्या सर्टयुटिलने त्याच फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) दोनदा काढा. दोन्ही वेळा सारखाच पण मूळ साइटवरच्या आकड्याशी जुळत नाही, तर डाउनलोड खराब. दोन वेळा दोन वेगळे आकडे आले, तर रॅम किंवा डिस्क.

आता डिस्क. इथे घाई केली की माणसाची वर्षांची मेहनत जाते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत पेन ड्राइव्हवर असतेच. पीईतून बूट करून ती चालवायची. ती आकडे षोडशमान पद्धतीत दाखवते, ते सेटिंगमधून दशमान करून घ्यायचे, नाहीतर वाचण्यात चूक होते. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचायला अडलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी७ मात्र बहुधा केबलचा : साटा केबल बदला, आकडा लिहून ठेवा. तो आकडा पुन्हा शून्य होत नाही, वाढायचा थांबला की काम झालं.

सी५ शून्याच्या वर असेल तर विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क ‘/आर’ लावून चालवायची नाही. हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवलं आहे. तो पर्याय अख्खी डिस्क वाचत बसतो आणि आधीच दमलेल्या डिस्कवर तोच शेवटचा भार ठरतो. वर फाइलींची मांडणीही तो तिथेच बदलतो. आधी प्रत. सिस्टमरेस्क्यू हे लिनक्स पेन ड्राइव्हवरून उठवून अख्ख्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू वापरायचं. पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे अडलेल्या जागी न रेंगाळता सगळं चांगलं ते आधी निघतं. दुसरी ‘-आर३’ लावून, अडलेल्या जागी तीन प्रयत्न. मॅपफाइल (कुठवर प्रत झाली त्याची नोंद) नेहमी तिसऱ्या डिस्कवर, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येतं. सुरू करण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर पडद्यावर आणि स्टिकरवर जुळवायचे. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर परत काही मिळत नाही. ५०० जीबीची धड डिस्क थेट साटावर दोन तासांच्या आसपास उतरते, यूएसबी २.० च्या डब्यातून चार-पाच तास धरा. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात, आणि ते आम्ही आधीच सांगतो.

फाइल सिस्टमची दुरुस्ती नंतर, आणि ती प्रतीवर.

इथपर्यंत सगळं नीट निघालं की मग विंडोज. विंडोज ७ वर कुठलंही टूल टाकण्याआधी ते सर्व्हिस पॅक १ वर आहे का बघायचं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टची अपडेट : आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९, मग रीस्टार्ट. पहिलं अपडेट बसवणारी यंत्रणा सुधारतं, दुसरं एसएचए-२ सह्या (फाइल खऱ्या कंपनीचीच असल्याची डिजिटल खूण) ओळखायला शिकवतं. २०१९ नंतरच्या बहुतेक टूल्सचे ड्रायव्हर एसएचए-२ नेच सही केलेले असतात. ही अपडेट नसतील तर ६४ बिट विंडोज ७ त्यांना घेत नाही. टूल उघडतं, पण तापमान किंवा डिस्कची माहिती रिकामी दाखवतं. पुढची पायरी केबी२९९९२२६ आणि व्हिज्युअल सी++ चं पॅकेज. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असा संदेश येतो तो याच्याच अभावी. ती डीएलएल कुठल्याशा साइटवरून आणून सिस्टम३२ मध्ये टाकू नये. एक टाकली की दुसरी मागते, आणि त्या साइटवर काय मिसळलं असेल सांगता येत नाही.

बऱ्याच टूल्सना लागणाऱ्या डॉटनेट ४.८ चा ऑफलाइन इन्स्टॉलर इंटरनेट नसलेल्या विंडोज ७ वर ‘प्रमाणपत्रांची साखळी जुळत नाही’ म्हणून थांबतो. तिथे मायक्रोसॉफ्टचं २०११ चं मूळ प्रमाणपत्र आधी हाताने बसवावं लागतं. विंडोज १० वर जुन्या टूल्सना डॉटनेट ३.५ लागतं आणि ०एक्स८००एफ०८१एफ ही चूक येते. त्याच आवृत्तीच्या विंडोजच्या आयएसओमधल्या (इन्स्टॉल डिस्कची फाइल) सोर्सेसच्या आत एसएक्सएस नावाचं फोल्डर असतं, ते डिस्म या विंडोजच्या दुरुस्तीच्या कमांडला दाखवलं की काम होतं. आवृत्ती वेगळी असेल तर होत नाही.

‘वैध विन३२ प्रोग्रॅम नाही’ या संदेशाची तीन कारणं : ३२ बिट विंडोजवर ६४ बिटची फाइल, एक्सपीवर नव्या काळाची फाइल, किंवा अर्धवट उतरलेली फाइल. सेफ मोडमध्ये एमएसआय फाइल बसत नाही, कारण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सेवा बंद असते. त्यात फाइलचा दोष नसतो. पोर्टेबल प्रत वापरा.

एक अडचण खास आपली. मालकाने विंडोजमध्ये युजरचं नाव देवनागरीत ठेवलेलं असतं, ‘छापखाना’ किंवा ‘ऑफिस’. त्यात चूक काहीच नाही. पण जुने इन्स्टॉलर युनिकोड जाणत नाहीत, आणि देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) कधी नव्हतंच. त्यामुळे टेम्प फोल्डरच्या वाटेत नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि इन्स्टॉलर ‘तात्पुरती फाइल लिहिता येत नाही’ म्हणून बंद पडतो. नाव बदलू नका. नाव बदललं तरी फोल्डर जुनंच राहतं. सी ड्राइव्हवर थेट ‘टेम्प’ हे फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी दोन्ही तिकडे वळवा, लॉगऑफ होऊन पुन्हा या. इन्स्टॉलर बसतो.

विंडोज १० वर सिस्टम फाइली दुरुस्त करताना आधी डिस्मचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतं तोच डिस्म दुरुस्त करतं, म्हणून हा क्रम. विंडोज ७ च्या डिस्ममध्ये रिस्टोअरहेल्थ नाहीच, ८७ ही चूक येते. तिथे केबी९४७८२१ वापरायचं आणि विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधली सीबीएसची नोंद वाचायची.

आता रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे रजिस्ट्री क्लीनर आणि ‘एका क्लिकमध्ये सगळं ठीक’ करणारी टूल्स. ती आम्ही टाकत नाही, मागितली तरी नाही. काही कोटी बाइट्सच्या रजिस्ट्रीतून चारशे नोंदी काढल्या तर वेगात मोजण्याजोगा फरक पडत नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही म्हटलं आहे. आमच्या गिऱ्हाइकांना तर धोका मोठा. डोंगलचे जुने ड्रायव्हर, बाहेरून बसवलेले फॉन्ट, जुन्या प्रोग्रॅमची नोंदणी या नोंदी क्लीनरला बेवारस दिसतात. एक गेली की दुसऱ्या दिवशी श्रीलिपी डोंगल सापडत नाही म्हणते. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या टूलच्या ५.३३ या ३२ बिट आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, खऱ्या सहीसह वाटली गेली. तेव्हापासून कुठल्याही टूलची नवी आवृत्ती आम्ही आल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढवत नाही. महिनाभर आमच्याच एका मशीनवर ठेवतो, आणि इन्स्टॉलर हॅशसकट जपतो.

डीटीपीच्या मशीनवर कुठलंही टूल चालवण्याआधी विंडोजचं फॉन्ट फोल्डर बाहेर काढून ठेवायचं. एक्सप्लोररमध्ये तिथे खरी फाइलनावं दिसत नाहीत, म्हणून कमांड प्रॉम्प्टवरून रोबोकॉपी या प्रत काढणाऱ्या कमांडने.

वेग हवा असेल तर खरे उपाय दोनच : रॅम ४ जीबी आणि साटा एसएसडी. जी३१ वर ४ जीबी डीडीआर२ च्या पुढे जाता येत नाही. या बोर्डांवरच्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय नाही, तरी एसएसडी आयडीई मोडमध्ये व्यवस्थित चालते. पूर्ण वेग मिळत नाही, पण हार्ड डिस्कच्या मानाने फरक लगेच जाणवतो. प्रत आधीच काढलेली असते, तीच एसएसडीवर उतरवतो.

अशा बोर्डांना बूट करायला पेन ड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा, फॅट३२ आणि एमबीआर या जुन्या मांडणीतला, मागच्या यूएसबी २.० पोर्टला. पुढचे पोर्ट बहुतेक वेळा सैल झालेले असतात. अवॉर्ड बायोसमध्ये पेन ड्राइव्ह रिमूव्हेबलमध्ये शोधून सापडत नाही. हार्ड डिस्कच्या यादीत असतो, तिथे वर घ्यावा लागतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोअर २ ड्युओवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती युक्त्या लढवूनही उठत नाही, कारण तिला लागणारा एसएसई४.२ हा सूचनासंच त्या प्रोसेसरमध्ये नाही. आता अशा मशीनसाठी आमच्याकडे दोनच वाटा आहेत. नुसतं टायपिंग आणि इंटरनेट असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. डोंगल आणि पेजमेकर असेल तर आहे तेच विंडोज, इंटरनेटची केबल काढून, फाइलींची ने-आण एकाच ठरवलेल्या पेन ड्राइव्हने, आणि तो पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या अद्ययावत मशीनवर स्कॅन करून.

काम झालं की पावतीवर ०५, सी५ आणि सी७ चे आकडे, सेल बदलल्याची तारीख, टाकलेल्या टूल्सच्या आवृत्त्या लिहून देतो. काढलेली जुनी डिस्क गिऱ्हाइकालाच परत देतो, वर सी५ चा आकडा आणि ‘फक्त वाचण्यासाठी’ असं मार्करने लिहून.