पहाटेचा समुद्र आणि अष्टमीची भरती

गेल्या आठवड्यात परत गुहागरला जाऊन आलो, माईक, रेकॉर्डर, हेडफोन आणि दोन पहाटा. निघताना आई म्हणाली, समुद्राचा आवाज तो एकच रे, दरवेळी काय नवीन रेकॉर्ड करतोस? चार वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटायचं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ पाण्याच्या कडेला स्टँड लावला, लाट फुटते तिथून दहा पावलांवर, आणि चांगलं चाळीस मिनिटं घेतलं. घरी येऊन लावलं तर नुसतं श्श्श्श. पूर्वी टीव्हीवर मुंग्या आल्या की यायचा ना, तसा आवाज. कुठली लाट कुठे सुरू झाली, कुठे संपली काही पत्ता नाही. त्यात ऑटो लेव्हल चालू राहिलेली, म्हणजे लाट फुटली की रेकॉर्डर आवाज दाबणार आणि मधे शांत झालं की स्वतःच वाढवणार, मग चढउतार उरणार कुठून. सगळं पुसून टाकलं.

नंतर वाचताना कळलं की फुटणाऱ्या लाटेचा बराचसा आवाज हा पाण्याचा नसतोच, तो पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली याचं गणित मांडलं, बुडबुडा जितका लहान तितका सूर वरचा, १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,२०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांनी वाजतो. आता एका लाटेत असे लाखो लहानमोठे बुडबुडे एकदम वाजतात, आणि गुहागरचा किनारा तर सरळसोट काही किलोमीटर लांब, सगळीकडे लाटा फुटतायत. जवळ गेलं की सगळे सूर एकात एक मिसळतात आणि उरतो तो श्श्श्श. म्हणून आता मी मागे सुरूच्या बनात जाऊन लावतो. तिथे वरच्या सुरांचा तो श्श्श्श थोडा गाळला जातो, लाट पडल्याचा धप्प असा जाड आवाज तेवढा येतो, आणि दोन लाटांच्या मधे सुरूच्या सुया वाऱ्यावर सळसळतात त्या ऐकू येतात.

पण खरा फरक पडला तो तिथीमुळे. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो ते काका एकदा मला मोबाईलवर भरतीच्या वेळा शोधताना बघून म्हणाले, "अरे त्यात काय बघतोस, तिथीची पाऊणपट कर, आली भरती." म्हणजे चतुर्थीला ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो नाहीतर कृष्ण, हिशोब तोच, थोडंफार पुढेमागे होतं पण चुकत नाही. आणि हे कळल्यावर डोक्यात एकदम लख्ख पडलं की आपल्याकडे पहाटे उधाणाची भरती मिळूच शकत नाही, कारण उधाण पौर्णिमा-अमावास्येचं आणि तेव्हा भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. पहाटे एकतर पौर्णिमेची मोठी ओहोटी, पाणी लांबच लांब गेलेलं, नाहीतर अष्टमीची भांगाची भरती, किनाऱ्याजवळ आलेली पण मवाळ. मला ही अष्टमीची पहाट सगळ्यात जास्त आवडते.

यावेळी अष्टमी गाठून हेदवीला गेलो, बामणघळीवर. उमामहेश्वराच्या देवळापासून पुढे कातळात एक अरुंद भेग आहे, मोठ्या भरतीला त्यात पाणी घुसून कारंज्यासारखं वर उडतं ते बघायला लोक जातात. पावणेसहाला पोचलो, अंधारच होता. कडेला अजिबात जायचं नाही हे पक्कं, कातळ निसरडा असतो, त्यामुळे माईक लांब वायरने सोडला आणि मी मागे बसलो. नेहमी वाऱ्याची घरघर घालवायला ८० हर्ट्झच्या खालचे जाड आवाज रेकॉर्डरवर कापून टाकतो, इथे मात्र ते बंद ठेवलं. कारंजं नव्हतंच. पण हेडफोनमधे काय ऐकू आलं सांगू, आधी घळीतली हवा बाहेर ढकलली जाते तिचा लांब हुंकार, मग एक क्षण काहीच नाही, मग खूप खालून, कानापेक्षा छातीत जाणवणारा ठोका, आणि पाणी परत ओसरताना कातळाच्या खोबणीखोबणीतून गळगळ, प्रत्येक खोबणीचा सूर वेगळा. वीस मिनिटं मी हललो नाही. पाय बधिर झाले होते हे उठल्यावर कळलं. आईला ही फाईल ऐकवली तर म्हणाली, कोण झोपलंय हे?

दुसऱ्या पहाटे पुन्हा गुहागरच्या बनात. जानेवारीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, आणि जमिनीलगतची हवा थंड, वरची त्यामानाने गरम असल्यामुळे लांबचा आवाज वर न जाता खाली वळतो, म्हणून गावातला कोंबडा, देवळातली घंटा, कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप सगळं अगदी शेजारी असल्यासारखं येतं. आधी याचा त्रास व्हायचा, मला शुद्ध निसर्ग हवा होता. आता ठेवतो सगळं. टिटवी तर रात्रभर अधूनमधून असतेच, उजाडायच्या बऱ्याच आधी कोतवाल सुरू झाला, मग भारद्वाजाचं ते खोल हूप हूप हूप, आणि या सगळ्याखाली लाट. सूर्य डोंगराच्या मागून यायला सव्वासात होतात, तोवर पहिली होडी निघालेली असते, तिचं इंजिन टक टक करत डावीकडून उजवीकडे जातं आणि स्टीरिओमधे ते इतकं सुंदर ऐकू येतं की मी रेकॉर्डर बंदच केला नाही.

घरी आल्यावर सगळं सामान ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, खारी हवा एका ट्रिपमधे जॅक खराब करते. आता पौर्णिमेची ओहोटी गाठायचीय, पाणी लांब गेल्यावर ओल्या वाळूतून बारीक बारीक चटचट आवाज येतो, तो अजून नीट मिळालेला नाही. काकांना खोलीचं सांगून ठेवलंय.