पीएसए पुन्हा वाढला आणि पेट स्कॅनची वेळ आली

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा) शून्याच्या आसपास राहायला हवा. माझा काही वर्षं राहिलाही. मग 0.1 दिसला आणि पुढच्या खेपेला 0.2 च्या वर गेला. ऑपरेशननंतर 0.2 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त आकडा लागोपाठ दोनदा आला की आजार परतला असं धरतात. (सुरुवातीलाच रेडिएशन घेतलेल्यांचा हिशेब वेगळा. त्यांचा पीएसए जिथवर खाली आला असेल, त्याच्या वर 2 ने वाढ धरतात. म्हणून दवाखान्यातल्या बाकावर शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये.) रक्त पुन्हा दिलं, दुसरा आकडाही तसाच आला.

आजार आहे एवढं रक्तानं सांगितलं, पण कुठे आहे ते कळेना. इतक्या कमी पीएसएला साधा सीटी आणि बोन स्कॅन बहुतेक वेळा कोरेच येतात. पेट स्कॅन म्हणजे शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साचतं ते दाखवणारा स्कॅन. नेहमीचा पेट स्कॅन साखरेसारख्या द्रव्यावर चालतो आणि प्रोस्टेटच्या पेशींना बऱ्याचदा साखरेची फारशी ओढ नसते. म्हणून पीएसएमए पेट. या कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडायचं आणि शिरेतून सोडायचं.

खरं घोडं अडलं ते स्कॅन कधी करायचा यावर. डॉक्टरांनी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 635 रुग्णांच्या अभ्यासातले आकडे पुढे ठेवले. पीएसए 0.5 च्या खाली असताना 38 टक्के लोकांत काहीतरी सापडलं, 1 ते 2 च्या दरम्यान 84 टक्क्यांत आणि 5 च्या वर 97 टक्क्यांत. मी लगेच म्हणालो, "मग थोडा वाढू द्या की!" ते म्हणाले, "वाढू दिला तर दिसेल नीट, पण प्रोस्टेटच्या जुन्या जागेवर आता जे रेडिएशन द्यायचंय त्याचा गुण कमी येईल. ते पीएसए कमी असतानाच चांगलं लागू पडतं. तुमचा स्कॅन कोरा आला तरी रेडिएशन लांबवायचं नाही, हे कबूल असेल तर आत्ताच करू." मी कबूल केलं. माझ्या मते सगळ्या प्रवासात महत्त्वाचं बोलणं हेच झालं. कोरा स्कॅन म्हणजे आजार नाही असं नव्हे, हे आधी पटलेलं असलं की रिपोर्टची भीतीही कमी होते आणि खोटा आनंदही होत नाही. हॉर्मोनचं (म्हणजे पुरुषी हॉर्मोन दाबणारं) इंजेक्शन मात्र त्यांनी स्कॅन होईपर्यंत थांबवलं, कारण त्यानं चित्र बदलू शकतं.

स्कॅनच्या दिवशी उपाशी राहायचं नव्हतं, पाणी भरपूर प्यायचं होतं. या गॅलियमचा किरणोत्सार सुमारे 68 मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही. सुई टोचल्यावर तासभर बसून राहिलो. लघवीचं औषधही दिलं, कारण हे द्रव्य मूत्राशयात साचतं आणि नेमकी त्याच्या शेजारची जागाच तपासायची असते. मशीनमध्ये शिरण्याआधी लघवीला जाऊन यायचं, मग हात डोक्यावर घेऊन पडून राहायचं. दुखलं काही असेल तर खांदे. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून जरा लांब राहायला सांगतात.

चित्रं पाहून बायको घाबरलीच. मूत्रपिंडं, लाळग्रंथी, डोळ्यांजवळच्या अश्रुग्रंथी, सगळं झगझगीत! ते निरोगी माणसातही असंच दिसतं, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. रिपोर्टमध्ये कामाच्या ओळी दोनच होत्या: ओटीपोटातली एक लहान लसिकागाठ (लिम्फ नोड), आणि एका बरगडीवर फिकट ठिपका, 'अनिश्चित'. गाठीपेक्षा त्या ठिपक्यानंच माझी झोप उडवली. डॉक्टरांनी सीटीची चित्रं काढून दाखवली. त्या जागी जुनं, भरून आलेलं फ्रॅक्चर होतं, आणि अशा हाडावरही हे द्रव्य थोडंफार बसतं. बरगडीकडे सध्या फक्त लक्ष ठेवायचं ठरलं.

गाठीमुळे मात्र बेत बदलला. नुसत्या प्रोस्टेटच्या जुन्या जागेवर द्यायचं रेडिएशन आता ओटीपोटातल्या गाठींपर्यंत वाढवलं आणि जोडीला हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू झालं. स्कॅनशिवाय ती गाठ रेडिएशनच्या बाहेरच राहिली असती.

रिपोर्टसोबत चित्रांची सीडी मागून घ्या. पुढे पुन्हा स्कॅन करायची वेळ आली तर तुलना चित्रांशी करतात, नुसत्या कागदाशी नाही, आणि तेव्हा आधीचं द्रव्य कोणतं होतं हेही विचारतात.