आरव्हीतला गॅसवरचा फ्रिज निकामी ठरवण्यापूर्वी

ॲरिझोनात आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, बाळगणारी जी मराठी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्याकडून उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. फ्रीझरमध्ये बर्फ धरतो, पण खालच्या कप्प्यातले दूध फाटते. दुरुस्तीच्या दुकानात नेले तर ‘कूलिंग युनिट गेले’ असे सांगितले जाते, आणि मजुरी धरून हजार डॉलरांच्या वरचा अंदाज हातात पडतो. कूलिंग युनिट खरोखरच गेलेले असू शकते. परंतु तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, कारण हीच लक्षणे उत्पन्न करणारी आणखी अनेक साधी कारणे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आपल्याला स्वतः तपासता येतात. त्यासाठी हा फ्रिज घरातल्या फ्रिजपेक्षा मुळातच वेगळा आहे, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. त्याच्या पाठीमागच्या पोलादी नळ्यांमध्ये, म्हणजेच कूलिंग युनिटमध्ये, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन वायू कायमचे बंदिस्त केलेले असतात, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यात थोडे सोडियम क्रोमेट घातलेले असते. ही रचना बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये सिद्ध केली, आणि इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. खाली बॉयलर असतो. तिथे गॅसची ज्योत किंवा विजेची कांडी अमोनियाचे पाणी तापवते. अमोनियाची वाफ वर चढते, माथ्यावरच्या, धातूच्या पातळ पात्या बसवलेल्या नळीत आपली उष्णता सोडून द्रवरूप होते आणि तिथून उतरत फ्रीझरच्या मागे येते. तिथे तिला हायड्रोजन भेटतो. नळ्यांमधला एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच असतो, पण हायड्रोजनच्या सहवासात अमोनियाच्या वाट्याला त्यातला थोडाच दाब उरतो, आणि म्हणून तो अतिशय कमी तापमानाला पुन्हा उकळू लागतो. त्या उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजच्या आतून ओढून घेतो. पुढे बॉयलरकडून आलेले, अमोनिया गमावलेले पाणी त्याला शोषून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन परत वर जातो, आणि हे चक्र चालू राहते. यात एकही भाग हलत नाही. द्रव खाली येतो तो केवळ गुरुत्वाकर्षणाने, आणि आतल्या नळीतून वर चढतो तो फक्त बुडबुड्यांच्या जोरावर.

म्हणूनच पहिली तपासणी पाणसळीची, म्हणजे गाडी समतल उभी आहे का याची. कप्प्याच्या तळावर, फ्रीझरच्या आत, पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी. अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. आपल्या मॉडेलची मर्यादा मात्र त्याच्याच पुस्तिकेत पाहावी. गाडी चालत असताना हेलकाव्यांमुळे द्रव एका जागी तुंबून राहत नाही, त्यामुळे घाटाची चढण फारशी बाधत नाही. धोका असतो तो गाडी उतारावर रात्रभर उभी करण्यात. द्रव नळीच्या वाकणात साचतो, बॉयलरपर्यंत परत येत नाही, आणि बॉयलर मात्र तापतच राहतो. अशा अतितापाने सोडियम क्रोमेट वेगळे होऊन त्याचे कण नळीत बसतात, आणि ते पुन्हा विरघळून वाट मोकळी होईल अशी आशा धरता येत नाही. ही हानी एका रात्रीत दिसत नाही, ती हंगामागून हंगाम साचत जाते, आणि एक दिवस फ्रिज ‘अचानक’ बंद पडल्यासारखा वाटतो. उभे करण्याच्या जागी चाकाखाली फळी घालायला जो वेळ लागतो, तो मला या फ्रिजवर केलेला सर्वांत किफायतशीर खर्च वाटतो.

दुसरी गोष्ट ज्योतीची. बाहेरून खालची जाळीची झडप उघडली की बर्नर दिसतो. निरोगी ज्योत निळी, स्थिर आणि थोडा खर्जातला आवाज करणारी असते. पिवळी, लवलवती ज्योत म्हणजे हवा आणि गॅस यांचे प्रमाण बिघडले आहे. त्याचे कारण बहुधा काजळी, गंज किंवा किडे असते. बॉयलरच्या वरच्या चिमणीत पिळवटलेली धातूची पट्टी टांगलेली असते, ज्योतीची उष्णता नळीच्या भिंतीला लागून वर जावी म्हणून. तिच्यावरचा गंजाचा कीस खाली बर्नरवर पडतो आणि ज्योत गुदमरते. हंगाम सुरू होण्यापूर्वी गॅस आणि वीज दोन्ही बंद करून, सगळे थंड झाल्यावर, ती पट्टी काढून चिमणी लांब दांड्याच्या ब्रशने साफ करावी आणि बर्नरवरचा कीस झटकून घ्यावा. पट्टी परत बसवताना ती मूळ उंचीवरच टांगली गेली आहे ना, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे.

जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, बाबतीत मात्र हात आवरता घ्यावा. त्याचे छिद्र अतिशय बारीक असते, काही जेटमध्ये ते माणकाच्या लहानशा खड्यात पाडलेले असते, आणि सुई किंवा तार घातली की छिद्र मोठे होते आणि ज्योत कायमची बिघडते. जेट अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावा, बाहेर काढून हवेवर सुकू द्यावा, इतकेच पुरेसे असते. ठिणगी देणाऱ्या काडीचे टोक आणि बर्नर यांच्यात पुस्तिकेत दिलेले अंतर, बहुधा ३ ते ५ मिलिमीटर, राखावे. जोडणी पुन्हा घट्ट केल्यावर गॅस सोडून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिल्याशिवाय ज्योत पेटवू नये. गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका असावा लागतो. तो मोजायला मॅनोमीटर लागतो, आणि रेग्युलेटरला हात लावण्याचे काम मात्र जाणकारालाच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किडे हा या देशातला खरा उपद्रव आहे. प्रोपेनला गळती कळावी म्हणून जो वास दिलेला असतो, त्याकडे कोळी आकर्षित होतात असे इथे मानले जाते. वासामुळे असो वा आडोशामुळे, कोळी बर्नरच्या नळीत जाळे विणतात आणि कुंभारमाशा चिमणीच्या तोंडाशी मातीची घरे बांधतात, हे मात्र मी स्वतः पाहिले आहे. बारीक जाळी बसवता येते, पण ती इतकी बारीक नसावी की हवाच अडेल.

हवेचा हा मुद्दा मला सर्वांत जास्त दुर्लक्षित वाटतो. फ्रिज गार करतो म्हणजे उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती टाकायला जागा नसेल तर कितीही चांगली ज्योत उपयोगाची नाही. खालच्या झडपेतून थंड हवा यावी, मागच्या नळ्यांना लगटून वर जावी आणि छतावरच्या झाकणातून बाहेर पडावी, अशी मूळ योजना असते. नळ्या आणि भिंत यांच्यात मोठी पोकळी राहिली तर हवा नळ्यांना न शिवताच त्या पोकळीतून निघून जाते. तिथे पत्र्याची आडपट्टी लावून हवेला नळ्यांकडे वळवावे लागते. छतावरच्या झाकणाखाली पक्ष्यांची घरटी सापडतात, तीही काढावीत. ज्या गाड्यांत फ्रिज बाहेर सरकणाऱ्या खोलीत असतो, त्यांत वरची झडपही भिंतीतच असते, गरम हवा सरळ वर जाऊ शकत नाही, आणि तिथे तापमानानुसार आपोआप चालू होणारा १२ व्होल्टचा लहान पंखा बसवणे जवळजवळ अनिवार्य ठरते. फीनिक्सच्या उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जाणे नित्याचे आहे. अशा दिवसांत गाडी उभी करताना फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हाकडे येणार नाही एवढे पाहिले तरी आतल्या तापमानात फरक जाणवतो. उन्हाला कंटाळून लोक फ्लॅगस्टाफला जातात, ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे, आणि तिथे उलट अडचण येते: हवा विरळ, ज्योत अधूनमधून विझते. सुमारे १,७०० मीटरच्या वर शक्य तेव्हा फ्रिज विजेवर चालवावा, अशी सूचना काही पुस्तिकांत असते, आणि ती पाळण्याजोगी आहे.

विजेच्या बाजूने पाहताना एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही, ती अशी की फ्रिज गॅसवर चालत असतानाही त्याच्या नियंत्रण पट्टीला (कंट्रोल बोर्डला) १२ व्होल्ट लागतात. बॅटरी उतरली किंवा ग्राउंडची तार गंजली की पट्टी चुकीची लक्षणे दाखवू लागते, आणि दोष फ्रिजवर ढकलला जातो. ११० ते १२० व्होल्टवरची तापणारी कांडी मल्टीमीटरने तपासता येते: ३०० वॉटच्या कांडीचा रोध साधारण ४८ ओहम यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर कांडी तुटली आहे, आणि ती कूलिंग युनिटच्या तुलनेत फारच स्वस्त असते. आतल्या धातूच्या पात्यांना चिमट्याने लावलेला तापमानाचा संवेदकही पाहावा. तो निखळून खाली पडला असेल, तर नियंत्रण पट्टीला फ्रिजची खरी अवस्था कळतच नाही.

एवढे सगळे ठीक असूनही गारवा येत नसेल, तर निर्णायक चाचणी करता येते. पाणसळीत उभ्या केलेल्या गाडीत, मोकळ्या हवेसह, विजेच्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून कांडीला नियंत्रण पट्टी वगळून थेट वीज द्यावी, आणि २४ तास फ्रिज न उघडता ठेवावा. आत पाण्याच्या भांड्यात ठेवलेला तापमापक ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, तर कूलिंग युनिट धडधाकट आहे आणि दोष नियंत्रणात आहे. उतरला नाही, तर मात्र युनिट संपले. मागच्या बाजूला पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर चाचणीचीही गरज नाही: ती पूड म्हणजे बाहेर आलेले सोडियम क्रोमेट, ते विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नये. अशा वेळी फ्रिज लगेच बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्यांना बाहेर काढावे, कारण त्या नळ्यांतला हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. २००६ मध्ये डोमेटिकने आणि २०१० मध्ये नॉर्कोल्डने आपले काही फ्रिज सुरक्षिततेसाठी परत तपासणीला बोलावले होते, त्यामागे आगीचीच भीती होती. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने फ्रिजचा अनुक्रमांक त्या यादीशी ताडून पाहिलाच पाहिजे.

युनिट खरोखर गेले असेल, तर तीन वाटा असतात. संपूर्ण नवा फ्रिज, कारखान्याचे नवे कूलिंग युनिट, किंवा पुन्हा बांधलेले युनिट. उत्तर इंडियानात, जिथे अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही तयार होतात त्या एल्कहार्टच्या परिसरात, अमिश या सार्वजनिक वीज टाळणाऱ्या ख्रिस्ती समाजातले कारागीर अशी युनिटे बांधतात. त्या समाजात घरोघरी गॅसवरचे फ्रिज वापरात असल्याने त्यांचा हात या कामावर बसलेला आहे. चौथी वाट म्हणजे १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा फ्रिज. त्याला पाणसळीची फिकीर नसते आणि तो उन्हातही लवकर गार होतो, मात्र विजेच्या जोडणीशिवाय राहायचे तर त्यासाठी छतावर सौर पट्ट्या आणि मोठी लिथियम बॅटरी हवी. वीज असलेल्या कॅम्पग्राउंडवरच राहणाऱ्या कुटुंबाने तोच घ्यावा. आम्ही मात्र हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात, कुठल्याही जोडणीशिवाय, सलग राहतो. तिथे २० पौंडांचा एक गॅस सिलिंडर फ्रिजला दोन आठवड्यांच्या आसपास पुरतो आणि बॅटरी दिव्यांसाठी व पाण्याच्या पंपासाठी शिल्लक राहते. म्हणून आमच्या गाडीत गॅसवरचाच फ्रिज राहील. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो विजेवर लावून ठेवतो, दही, कणीक आणि भाज्या घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार करून मगच त्यात ठेवतो, आणि कप्प्यांच्या जाळ्यांवर काहीही अंथरत नाही, कारण आतली हवा तेवढ्या फटींतूनच फिरते.