लक्स मीटरची तुलना: दोन मीटर, एक फोन आणि तीन टॉर्च

टॉर्चचा प्रकाश मोजायला दोन लक्स मीटर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती प्रकाश पडतो त्याचं एकक) शेजारी ठेवून रीडिंग घेतले. एक युनि-टी यूटी३८३, दुसरा वायरला वेगळा सेन्सर असलेला बिनब्रँडचा जुना मीटर, आणि जोडीला फोनवरचं लक्स ॲप.

पद्धत सांगतो. बिल्डिंगचा पॅसेज रात्री पूर्ण अंधार करून टेपने बरोबर ५ मीटर मोजले, सेन्सर टॉर्चच्या उंचीवर, आणि बीमचा सगळ्यात तेजस्वी भाग सापडेपर्यंत टॉर्च हळूहळू हलवायचा. सेल फुल चार्ज, ऑन केल्यावर ३० सेकंदांनी आकडा लिहायचा, कारण पहिल्या काही सेकंदांचा आकडा फुगलेला असतो आणि एलईडी तापला की उतरतो. १ मीटरवरून कृपया मोजू नका, रिफ्लेक्टरचा बीम तिथे अजून नीट जमलेला नसतो आणि थ्रोवाला (लांबवर झोत टाकणारा) टॉर्च उगाच कमी दिसतो.

कॉन्वॉय कंपनीच्या सी८ टॉर्चला यूटी३८३ वर १५२० लक्स, जुन्यावर १३९०. त्यांच्याच एस२ प्लस ला ४४० आणि ४०२. आता गंमत बघा, मीटर वेगळे असूनही दोन टॉर्चमधलं प्रमाण दोन्हीकडे साधारण साडेतीन पटच! अंतराच्या वर्गाने गुणलं की कॅन्डेला (झोताच्या तीव्रतेचं एकक), म्हणजे सी८ चे ३८,००० आणि एस२ चे ११,०००. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की पल्ला मिळतो (०.२५ लक्स उरेपर्यंतचा, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका), तो ३९० मीटर आणि २१० मीटर. जुन्या मीटरने सी८ चा पल्ला ३७० च्या आसपास येतो, म्हणजे लक्समध्ये साडेआठ टक्के फरक असला तरी पल्ल्यात निम्माच राहतो, डोळ्याला तो कळणारही नाही.

पण हे दोन्ही टॉर्च ५००० केल्विनचे आहेत (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, आकडा मोठा तितका प्रकाश थंड, निळसर). तिसरा टॉर्च, म्हणजे ६५०० केल्विनचा हेडलॅम्प, लावला तर यूटी३८३ वर ३८ आणि जुन्यावर ३०, एकदम २१ टक्के खाली. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. मीटरच्या सेन्सरवर डोळ्याच्या संवेदनेशी जुळणारा फिल्टर असतो, हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देणारा, आणि स्वस्त मीटरमध्ये तो निळ्या आणि लाल टोकाला नीट जुळत नाही. थंड पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा भरपूर असतो त्यामुळे नेमकी तिथेच गडबड होते. म्हणून "माझा मीटर ९ टक्के कमी दाखवतो" असं एकच करेक्शन सगळ्या टॉर्चना लावून चालत नाही, टिंटप्रमाणे, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेप्रमाणे, वेगळं काढावं लागतं.

फोनचं सांगायचं तर सेन्सर काचेखाली, फोन जरा तिरका झाला की आकडा धाडकन पडतो. छताला बाउन्स करून (टॉर्च छताकडे रोखून परत आलेला प्रकाश मोजून) आधी-नंतर बघायला ठीक आहे, थ्रो मोजायला अजिबात नाही.

छतावरच्या बाउन्समध्ये मात्र तोच हेडलॅम्प एस२ च्या पुढे गेला, कारण तिथे एकूण प्रकाश मोजला जातो, मधला झोत नाही. ट्रेकला पायाखालची वाट बघायची असेल तर मी हाच आकडा बघेन.

पुढे पीव्हीसी पाइपची ल्युमेन ट्यूब (टॉर्चचा एकूण प्रकाश मोजायची नळी) करतोय, आणि हेडलॅम्पचा लाल मोड दोन्ही मीटरवर. कोणाकडे ५००० केल्विनचा एस२ प्लस असेल तर ५ मीटरवरचं रीडिंग, मीटरचं मॉडेल आणि सेल कुठला ते टाका.