सुफुरिया

१७ जानेवारी, शुक्रवार. नैरोबी, रात्रीचे पावणेदहा.

आज मकुएनी भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जाऊन आले. केसांत लाल माती आहे, पाय सुजलेत. तरी अंघोळीआधी लिहायला बसले, कारण सकाळपर्यंत राग ओसरला की मी सगळं गोड करून लिहीन.

राग स्वतःवरच आहे. गेल्या जानेवारीत आम्ही त्या शाळेत साठ दप्तरं वाटली होती. 'आम्ही' म्हणजे इथली सात-आठ मराठी घरं, पुण्या-नाशिकचे काही नातेवाईक आणि एक हिशेबाची वही. ना पाटी, ना लेटरहेड. दप्तरं देताना केवढी हौस! रांग काय, टाळ्या काय, फोटो काय. आज पाहिलं तर निम्मी पोरांच्या पाठीवर नव्हतीच. एका घरात त्यात मक्याचं पीठ भरलेलं, दुसऱ्या घरातली आई बाजाराला मूग न्यायला तेच वापरते. तिचं काय चुकलं? पोराकडे वह्या मोजून दोन, त्या हातातही मावतात. स्वाहिलीत वहीला 'दाफ्तारी' म्हणतात. आम्ही दप्तर दिलं, दाफ्तारी द्यायची राहिली.

खरं तर मुख्याध्यापिका तेव्हाच हळूच म्हणाल्या होत्या, एक मोठी सुफुरिया मिळाली तर बरं होईल. सुफुरिया म्हणजे बिनकानांचं ॲल्युमिनियमचं पातेलं. आम्ही हसून विषय सोडला. शिक्षणासाठी पैसे गोळा करायचे आणि पातेलं घ्यायचं? लोकांना काय सांगणार!

इथे सरकारी प्राथमिक शाळेला २००३ पासून फी नाही. त्या माफीमुळेच किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा २००४ मध्ये एल्डोरेटच्या शाळेत पहिलीत जाऊन बसले. पण फी नसली तरी गणवेश लागतो, परीक्षेचे कागद लागतात आणि दुपारी पोटात काहीतरी लागतं. या शाळेत मका आणि घेवडा पालकांनीच आणून द्यायचा. ज्याच्या घरचा आला नाही ते पोर जेवणाच्या सुट्टीत मैदानाच्या कडेला जाऊन बसतं, आणि दोन-चार दिवसांनी यायचंच थांबतं. कोणी हाकलत नाही. लाज वाटते.

हे मला कळायला हवं होतं. १९९६ साली मी चौथीत होते. तेव्हा आपल्याकडे शाळेतून महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, पण हजेरी ८० टक्के भरली तरच. आजी अंगात कणकण असली तरी मला शाळेत पिटाळायची. "जा, नुसती बस जाऊन," म्हणायची. अभ्यासाची गोडी वगैरे पुष्कळ नंतरची गोष्ट. ज्या पोरीचा पाचवीपर्यंतचा प्रवास पिशवीतल्या तांदळावर झाला, तीच पातेल्याला हसली.

शेवटी ऑगस्टमध्ये घेतलं पातेलं. आज ते चुलीवर पाहिलं. पत्र्याचं छप्पर, तीन दगड आणि त्यावर हे काळंकुट्ट धूड. प्रत्येक मूल सकाळी येताना पाण्याचा एक कॅन आणि एक लाकूड आणतं. एका मुलीने, असेल दहाएक वर्षांची, पाच लिटरचा पिवळा कॅन डोक्यावरून उतरवला, तोंडाला बूच म्हणून लावलेलं मक्याचं बुरकुंड काढलं, अर्धं पाणी पातेल्यात ओतलं आणि उरलेलं पुन्हा बूच लावून वर्गात नेलं. ते हात धुवायला आणि प्यायला. एक थेंब सांडला नाही. मी ओतलं असतं तर चूल विझली असती.

गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवायचा, मीठ टाकायचं, संपलं. शिजायला मात्र तीन तास. फोडणी नाही, म्हणून मला जरा उदास वाटलं; ते माझं मला.

बाईंनी हजेरीपट दाखवला. बाजाराच्या दिवशी पूर्वी गैरहजेरीच्या लाल फुल्यांची गर्दी असायची, आता विरळ आहे. मी खूश होऊन वर बघते तो बाई म्हणाल्या, "म्हणून यंदाची काळजी जास्त." इकडे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसावर सगळी भिस्त, आणि यंदा तो धड झाला नाही. वाटेत तूर दिसली, गुडघ्याएवढी. घरातच दाणा नाही, तर आया शाळेत काय पाठवणार? पातेलं आहे, त्यात घालायला नाही.

पुण्याच्या एका काकांचा मेसेज आलाय, यंदा मुलांच्या हातात आभाराचा फलक देऊन फोटो काढा, म्हणजे सोसायटीत आणखी पैसे जमतील. काका मनाने चांगले आहेत, पैसेही जमवतील. तरी फलक करायचा नाही. त्यांना पातेल्याच्या बुडाचा फोटो पाठवलाय. उत्तर आलं, "हे काय आहे?"

सोमवारी सगळ्यांना फोन करायचे. मका तीन गोण्या, घेवडा दोन. इथे गोणीला गुनिया म्हणतात आणि ती ९० किलोची असते, हे आधी सांगायचं, नाहीतर मागच्यासारखा हिशेब चुकेल. मीठ. लांब दांड्याचा एक लाकडी डाव, जुना मधोमध चिरलाय. वह्या, रेघी आणि चौकटी. दप्तरं नकोत.