सातव्या व्हर्टिकलचे ठोके

एप्रिलचे पहिले दहा दिवस बांगलादेशाच्या हमीचे. १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा करारात ११ मार्च ते १० मे या कोरड्या काळात दोन्ही देशांना दहा-दहा दिवस आळीपाळीने ३५,००० क्युसेक पाण्याची हमी आहे. मोजणीला त्यांची माणसं आपल्या बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला येतात, आमची पलीकडे बांगलादेशात पद्मेवर, म्हणजे तिकडच्या गंगेवर, हार्डिंज पुलाशी जातात. त्या वर्षी पुलाशी मी होतो.

लोकांना वाटतं, एक यंत्र लावलं की आकडा येतो. नदी पट्ट्यापट्ट्यांत मोजावी लागते. एका पट्ट्यातून एकूण प्रवाहाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाता कामा नये, म्हणून जिथे धार मोठी तिथे पट्टे अरुंद. दर व्हर्टिकलला, म्हणजे मोजणीच्या उभ्या रेषेवर, नाव नांगरायची, खोली घ्यायची, माशाच्या आकाराचं शिशाचं वजन लावून करंट मीटर, म्हणजे धारेचा वेग मोजणारं फिरत्या वाट्यांचं यंत्र, खाली सोडायचा. पाणी उथळ असेल तर खोलीच्या ०.६ वर, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर. मग हेडफोन लावून वाट्यांच्या फेऱ्यांचे ठोके मोजायचे. हे मला जमतं. नवी पोरं स्क्रीनकडे बघतात, कान देत नाहीत.

त्या सकाळी सातव्या व्हर्टिकलला ठोके लंगडू लागले. कालच्याहून बरेच कमी. माझ्या कानाला कळलं होतं. तरी मी बोललो नाही. पुलाशी आकडा कमी आला की ढाक्यात ओरड होते, भारताने पाणी दिलं नाही. मी ‘पुन्हा मोजू’ म्हटलं असतं तर ते घासाघीस केल्यासारखं दिसलं असतं. मी सांगलीचा, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या विसर्गाचा आकडा ऐकून ‘खोटं सांगतायत’ म्हणणाऱ्यांत वाढलोय. समोरच्याचा संशय मला आधीच ऐकू येतो.

शेजारी बसलेला त्यांचा इंजिनिअर, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, म्हणाला, “दादा, मिटारटा तोलेन,” मीटर वर घ्या. वर घेतला. वाट्यांच्या आसाला जलपर्णीची केसांसारखी मुळं गुंडाळलेली. त्याने नखाने एकेक सोडवली, फुंकर मारून वाट्या फिरतायत का ते पाहिलं आणि मीटर परत सोडला. ठोके खणखणीत. जुना आकडा खोडून दोघांनी सह्या केल्या. फॉर्मात शेऱ्याची जागा दीड इंच. त्यात जलपर्णी मावत नाही. वरच्यांना दहा दिवसांची सरासरी तेवढी हवी असते.

नाव आठव्या व्हर्टिकलकडे निघाली तेव्हा माझ्या डोक्यात आलं, पाचव्या-सहाव्यालाही मुळं होती का? तिथे ठोके लंगडले नव्हते, पण जरा मंद होते, असं आता वाटतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तोही वहीतली सहावी ओळ पाहत होता. मग त्याने पान उलटलं, आणि मी नाव नांगरायला सांगितली.