स्नो चेनची तयारी: फट मोजून झाली, चेन ठरली, सराव सुरू

स्नो चेन म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर गुंडाळायची साखळी. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, टायर २१५/६० आर१७. रस्ता नागपूर ते मनाली, पुढे सोलंग, अटल बोगदा, सिस्सू. ग्राउंड क्लिअरन्स भरपूर आहे म्हणजे चाकाभोवतीही जागा असणार, हा समज आधी सोडा. पुढच्या स्ट्रटवर (चाकाच्या शॉक अब्सॉर्बरवर) स्प्रिंग जिच्यात बसते ती वाटी आणि टायरचा आतला खांदा यांच्यात बोट जेमतेम शिरतं. चेन कोणती चालेल ते तिथेच ठरतं.

मोजणीसाठी गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर हवी. जॅकवर चाक लटकतं आणि वरची फट उगाच मोठी दिसते. सीताबर्डीत कुठल्याही स्टेशनरीत मिळते ती मुलांची क्ले घ्या, सुपारीएवढा गोळा करून वाटीच्या खालच्या कडेला चिकटवा. टायरला टाल्कम पावडर फासा, नाहीतर गोळा टायरसोबतच निघून जातो. मग गाडी २.२ मीटर ढकला, म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा होतो. चेपलेली क्ले अलगद काढून व्हर्नियरने मोजली की सगळ्यात अरुंद फट मिळते.

आकडे: वाटीपाशी १९ मिमी, ब्रेकच्या नळीच्या क्लिपपाशी २४, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून ट्रेडपासून (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) लायनरपर्यंत (चाकावरचं प्लास्टिकचं आवरण) ४१. वाटी आणि चाक एकाच नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या धातूच्या तुकड्याला, धरलेले असतात, त्यामुळे १९ चा आकडा वळताना किंवा खड्ड्यात बदलत नाही. लायनरचा बदलतो, तो माणसं आणि सामान भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा मोजायचा.

एसएई ही वाहन अभियंत्यांची संस्था, चेनचे वर्ग तिने ठरवलेत. तिच्या क्लास एसला ट्रेडवर किमान ३७ मिमी आणि साइडवॉलला (टायरच्या बाजूला) १५ मिमी मोकळी जागा लागते. क्लास यूला ५० आणि २३. म्हणजे एस पास, यू नापास, आणि पासही काठावर. ‘एसयूव्हीसाठी खास’ म्हणून विकली जाणारी १६ मिमी जाडीची चेन इथेच बाद. टायर २३५/६० आर१७ केले असते तर एसही गेला असता: त्याच रिमवर आतल्या बाजूला सुमारे १० मिमी आणि वर १२ मिमी जागा टायरच खातो. रुंद टायर टाकून मिरवणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं, बापा.

ठरली ती ९ मिमी जाडीची, डायमंड घाटाची, आतल्या बाजूला स्टील केबलचं कडं असलेली. शिडीच्या घाटाची स्वस्त पडते, पण दोन आडव्या पट्ट्यांमध्ये टायर उघडा राहतो आणि गाडी आडवी घसरते. स्पोकमधून ओवायचे प्लास्टिकचे पट्टे नकोत. बकल ब्रेकच्या कॅलिपरला घासतं. जिथे आत १५ मिमीही नाही तिथे कापडी सॉक (टायरवर चढवायचं कव्हर) किंवा पूर्ण बाहेरून बसणारी चेन. सॉक बर्फावर चांगला धरतो, उघड्या डांबरावर मात्र लवकर फाटतो. मनालीत भाड्यानेही चेन मिळतात, पण त्या तुमची फट मोजून आलेल्या नसतात.

सराव सावलीतल्या फरशीवर. केबल चाकामागून ओढून वरती जोडा, आधी आतली बाजू सरळ करा, मग चेन ताणून धरणारा बाहेरचा टेन्शनर. ५० ते १०० मीटर चालवून थांबा, पुन्हा आवळा. ही पायरी गाळली की मोकळी कडी उडते आणि पहिला बळी एबीएस सेन्सरची वायर किंवा ब्रेकची नळी. उरलेलं टोक झिप-टायने बांधा. फरशीवर काही मीटरच चालवा, कड्या झिजतात. बर्फात वेग ५० किमीच्या आत. गाडी जागची हलताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करावा लागू शकतो. चेन फक्त पुढे असते, म्हणून उतारावर ब्रेक हलका ठेवा, नाहीतर मागची बाजू फिरते.

हवेची एक गंमत: इथे २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे ५ अंशांत जवळपास ५ पीएसआय उतरतो, पण ३,००० मीटरवर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज साधारण ४ जास्त दाखवतो. फरक जेमतेम एकचा राहतो. हवा तिथेच, थंड टायरवर तपासून मग चेन घाला.

बोगदा ९.०२ किमीचा आणि आत कोरडा रस्ता. म्हणजे अलीकडे चेन काढायची, पलीकडे बर्फ असेल तर परत घालायची. सध्या दोन्ही चाकांना, ग्लोव्हज घालून, हेडटॉर्चवर २६ मिनिटं लागून राहिली आहेत. १५ वर आणायचं आहे. इतवारीच्या लोहा ओळीतून गुडघ्याखाली घ्यायला ताडपत्रीचा तुकडा आणि दोन लाकडी ठोकळे आणणं बाकी.